हळदीचा कागद आणि बाळाची दुपटी

माझ्या लेकीच्या अंगावर पुरळ उठायला लागलं तेव्हा ती चार महिन्यांची होती आणि एप्रिल चालू होता. मुंबईत एप्रिल-मेमध्ये बाळाच्या अंगावर काहीही उठलं की आधी घामोळंच म्हणतात, तसं आम्हीही म्हटलं. पण घामोळं पंख्याखाली बसतं, हे बसेना. मानेच्या मागे, कमरेला जिथे इलॅस्टिक येतं तिथे, काखेच्या शिवणीखाली लालसर पट्टे. आणि दोन्ही गाल खरखरीत, कधीकधी ओलसर. रात्री ती गाल माझ्या खांद्यावर घासायची.

घरात जितकी माणसं तितकी मतं. सासूबाई म्हणाल्या, रिठ्याने धू, आमच्या वेळी तेच होतं. माझी आई फोनवर म्हणाली, डाळीचं पीठ लावायचं बंद कर. शेजारच्या काकू म्हणाल्या, शेवटच्या पाण्यात अँटिसेप्टिकचं एक झाकण टाक, जंतू मरतात. आणि नवऱ्याने ऑफिसमधून येताना तीन वेगवेगळ्या बेबी डिटर्जंटच्या बाटल्या आणल्या, तिन्हींवर हसरं बाळ आणि हिरवं पान.

मला वाचायची खोड आहे. मी तिन्ही बाटल्या उलट्या करून वाचल्या. ‘सौम्य’, ‘वनस्पतिजन्य’, ‘डर्मॅटोलॉजिकली टेस्टेड’. आत नक्की काय आहे त्याची पूर्ण यादी एकीवरही नव्हती. एकीवर लॅव्हेंडरच्या तेलाचं नाव मात्र ठळक होतं, जणू ती बाळाची गरजच आहे. ‘हायपोॲलर्जेनिक’, म्हणजे ॲलर्जीची शक्यता कमी असलेलं, हा शब्द तर मला आता काही सांगतच नाही. अमेरिकेतल्या औषध-प्रसाधनांवर देखरेख करणाऱ्या एफडीएसारखी यंत्रणासुद्धा स्पष्ट म्हणते की या शब्दाला सरकारी मानक नाही, ज्या कंपनीला जो अर्थ घ्यायचा तो ती घेते. ‘अनसेंटेड’चंही तसंच. वास येत नाही याचा अर्थ सुगंधी द्रव्य घातलेलं नाही असा होत नाही. मूळ रसायनांचा वास झाकायलाही सुगंध घालतात. शोधायचं ते ‘फ्रॅग्रन्स-फ्री’.

त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी पिशवीतून तिन्ही बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी बाळाला उघडं केलं, उलटंसुलटं केलं आणि लंगोट सोडून पाहिलं. लंगोटाखालची कातडी स्वच्छ होती. “गालांवर आहे, हातापायांच्या बाहेरच्या बाजूला आहे आणि लंगोटाखाली नाही, म्हणजे हे इसब. हिची त्वचा मुळातच कोरडी. पण मानेला आणि कमरेला जे आहे ते कपड्याच्या घर्षणाने वाढलंय, तिथे साबणाचा संबंध असू शकतो.” म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी एकाच अंगावर होत्या आणि आम्ही दोन्हींसाठी एकच औषध शोधत होतो.

त्या पुढे म्हणाल्या की डिटर्जंटची खरी ॲलर्जी फार क्वचित दिसते. हे मी नंतर पडताळून पाहिलं. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 738 रुग्णांची पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टीने पदार्थ चिकटवून ॲलर्जी पाहायची चाचणी) केली होती, त्यात एक टक्क्याहूनही कमी लोकांना डिटर्जंटची ॲलर्जी निघाली. जास्त करून असतो तो चुरचुराट; अंगाला सोसत नाही असं काहीतरी कापडात राहून जातं आणि घामाबरोबर पुन्हा ओलं होऊन त्वचेला लागतं. मुंबईच्या उन्हाळ्यात बाळाची मान कोरडी कधी असते?

मग त्यांनी विचारलं, “घरातल्या बाकीच्यांचे कपडे कशाने धुता?”

हा प्रश्न मला अजिबात सुचला नव्हता. बाळाची झबली वेगळ्या बादलीत, वेगळ्या साबणाने, हे आम्ही पहिल्या दिवसापासून करत होतो. पण तिचे गाल झबल्याला लागतच नव्हते. ते लागत होते माझ्या गाऊनला, सासूबाईंच्या पदराला आणि संध्याकाळी नवऱ्याच्या ऑफिसच्या शर्टाला, ज्याच्यावर सॉफ्टनरचा वास दारातूनच यायचा. शिवाय पलंगपोस, उशीचा अभ्रा, सोफ्यावरची चादर. बाळाचा साबण निवडायचा म्हणजे बाळाच्या कपड्यांचा निवडायचा, असं सगळे धरून चालतात आणि कंपन्यांनाही तेच हवं असतं. पाव लिटरची महाग बाटली त्यातूनच खपते. चार महिन्यांचं मूल दिवसातला किती वेळ कुणाच्या ना कुणाच्या अंगावर असतं ते मोजलं, तर झबल्याची पाळी बरीच मागून येते.

घरी येऊन मी ठरवलं की आता मतं बास, तपासू.

पहिली तपासणी सगळ्यात सोपी. धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेला कपडा घ्यायचा, बरणीत कोमट पाणी घ्यायचं, कपडा आत घालून झाकण लावून जोरात हलवायचं. पाण्यावर फेस आला आणि टिकला तर साबण कापडात आहे. माझ्या गाऊनने फेस दिला. टर्किश टॉवेलने त्याहून जास्त. नवऱ्याच्या शर्टाच्या कॉलरने थोडा. आणि बाळाचं झबलं, जे म्हणे सगळ्यात काळजीने धुतलं जात होतं, त्याने भरपूर.

दुसरी तपासणी हळदीची. शाळेत केलेला प्रयोग. हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. हळद पाण्यात कालवून कागदाला लावली, वाळवली, पट्ट्या कापल्या. आम्ल किंवा साधं पाणी लागलं तर पट्टी पिवळीच राहते, क्षार लागला की तांबडी होते. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच, म्हणजे आम्ल-क्षार मोजायचा आकडा, पाचच्या आसपास; आकडा जितका मोठा तितका क्षार जास्त. कपड्यांच्या पावडरीत मळ सोडवायला धुण्याचा सोडा असतो, तिच्या पाण्याचा पीएच दहा-अकरापर्यंत जातो. साबणाची वडीही नऊ-दहाची. बाळाची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ, तिचं हे आम्ल कवच जन्मानंतर हळूहळू तयार होतं आणि इसब असलेल्या बाळात ते कच्चंच राहतं.

पावडरीच्या थेंबाने पट्टी झटकन विटकरी झाली. वडीनेही. लोकरीच्या कपड्यांसाठी मिळतं त्या लिक्विडने पिवळीच राहिली. नवऱ्याने आणलेल्या तीन बाटल्यांपैकी दोन पिवळ्या, तिसरी तांबूस. आणि ती तिसरीच लॅव्हेंडरवाली होती. सासूबाई शेजारी उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. त्यांनी त्यांच्या रिठ्याच्या काढ्याचाही थेंब टाकायला लावला. पिवळी. “बघ,” म्हणाल्या.

रिठ्याबद्दल मला आदर आहे, म्हणून थोडं सांगते. त्यातलं सॅपोनिन खरंच फेस करतं, खरंच सौम्य आहे आणि पैठणीला आजही त्याच्याइतकं चांगलं काही नाही. पण आमच्या घरी तो टिकला नाही. काढा उकळून ठेवला की मुंबईच्या हवेत एक-दोन दिवसांत आंबतो. पांढऱ्या दुपट्यांवर पिवळट झाक येते. दुधाचे, तेलाचे डाग त्याला पुरेसे निघत नाहीत, आणि मालिशचं तेल कापडात राहिलं की खवट वास सुटतो. शिवाय डोळ्यात गेला तर आग होते, आणि रिठे फोडताना आमच्याकडे धुणं करणाऱ्या मावशींना शिंका सुटायच्या. सासूबाईंच्या लहानपणी घरात कपडे धुवायला 501 साबणाची वडी यायची आणि निरमा 1969 नंतरची, तेव्हा ‘आमच्या वेळी’ म्हणजे नक्की कोणतं, यावर आमचा थोडा प्रेमळ वादही झाला.

हळदीच्या पट्टीची मर्यादाही सांगायला हवी. ती क्षार दाखवते, बाकी काही नाही. सुगंध, रंग, लिक्विड टिकावं म्हणून घातलेलं प्रिझर्व्हेटिव्ह, यांतलं काहीच तिला कळत नाही. आणि डिटर्जंटमधल्या ज्या थोड्या गोष्टींची खरी ॲलर्जी होते त्या याच: सुगंध आणि मिथाइलआयसोथायझोलिनोनसारखी प्रिझर्व्हेटिव्ह. युरोपात 2005 पासून ठरावीक सुगंधी घटकांपैकी कुठलाही डिटर्जंटमध्ये 0.01 टक्क्याहून जास्त असला तर त्याचं नाव डब्यावर छापावं लागतं. त्या यादीत लिनालूल आहे, लिमोनीन आहे. म्हणजे लॅव्हेंडर आणि संत्र्या-लिंबाच्या सालीत निसर्गतः असणारे घटक. हिरवं पान छापल्याने ते सौम्य होत नाहीत.

उलट एंझाइम हा शब्द दिसला की आया घाबरतात, ती भीती बरीचशी जुन्या गोष्टीतून आली आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस डिटर्जंटच्या कारखान्यांतल्या कामगारांना एंझाइमच्या धुळीने दम्यासारखा त्रास झाला होता. त्यानंतर एंझाइमचे दाणे आवरण चढवून वापरायला लागले. घरात कपडे घालणाऱ्याच्या त्वचेला त्याने अपाय होतो असं दिसलेलं नाही. दुधाचे, शीचे डाग प्रथिनांचे असतात आणि ते काढायला प्रोटिएज या प्रथिनं तोडणाऱ्या एंझाइमसारखं दुसरं काही नाही. मात्र दुधाचा डाग आधी गार पाण्यात. गरम पाणी लागलं की तो धाग्यात बसतोच.

आता मुख्य गोष्ट, पाणी.

आम्ही भांडुपला राहतो. मुंबईला सात तलावांचं पाणी येतं: ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा, भातसा, विहार आणि तुळशी. त्यातलं बरंचसं शुद्ध होतं ते भांडुप संकुलात, आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. पण आमची इमारत टेकडीच्या चढावर, तिथे दाब पोहोचत नाही. नळाला पाणी सकाळी थोडा वेळ, आणि उन्हाळ्यात तलाव खाली गेले की सोसायटी टँकर मागवते. तलावाचं पाणी मऊ असतं. फिल्टरच्या सर्व्हिसला आलेल्या मुलाने त्याचं टीडीएसचं (पाण्यात विरघळलेले क्षार वगैरे मोजायचं) पेन नळाच्या पाण्यात बुडवलं तर आकडा शंभरच्या खाली, टँकरच्या पाण्यात बुडवलं तर त्याच्या कितीतरी पट. टीडीएस म्हणजे नेमकी कठीणता नव्हे, पण टँकर बहुधा बोअरवेलचा आणि बोअरचं पाणी कठीण, एवढा अंदाज त्यावरून येतो. कठीण पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाच्या वडीची गाठ पडली की न विरघळणारा पांढरट साका होतो, तो कापडात बसतो. दुपटी पापडासारखी कडक का होत होती ते तेव्हा कळलं. डिटर्जंट लिक्विडला हा त्रास वडीपेक्षा बराच कमी होतो.

आणि पाणी थोडाच वेळ येत असल्यामुळे खळबळण्यावर काट बसत होती. मावशी झबली वडी लावून, ब्रशने घासून एका बादलीत खळबळायच्या. त्यांची तरी काय चूक? मोरीत दोन बादल्या, त्यातली एक भांड्यांना. मी त्यांच्यासमोर प्रत्येक पाण्याचा थेंब हळदीच्या पट्टीवर टाकला. पहिल्या खळबळण्याचं पाणी: विटकरी. दुसऱ्याचं: नारिंगी. तिसऱ्याचं: पिवळं.

मावशी पट्ट्या बघत राहिल्या. “ताई, म्हणजे माझ्या हाताला पण हेच होतंय की,” म्हणाल्या आणि बोटांच्या बेचक्या दाखवल्या. तिथे कातडी भेगाळलेली होती. हा मुद्दा माझ्या यादीत नव्हता. साबण बदलायचा निर्णय त्या क्षणी झाला, बाकी सगळं नंतरचं.

शेवटी आणलं ते ‘बेबी’ न लिहिलेलं, बिनवासाचं, बिनरंगाचं, बिनसोड्याचं एक लिक्विड. पाठीवर घटकांची यादी असलेलं. हे हुडकायला बराच वेळ गेला, कारण आपल्याकडे वास हीच स्वच्छतेची पावती समजतात आणि बिनवासाचं डिटर्जंट वाण्याकडे मिळतच नाही. आमच्या वाण्याने तर “वास नाही? मग कोण घेणार?” असंच विचारलं. लोकरीचं लिक्विड मी बाजूला ठेवलं, पट्टीवर ते पास झालं होतं तरी त्यात सुगंध होता. किंमत लिटरमागे साध्या लिक्विडच्या दुपटीहून जास्त पडते. पण घरातले सगळे कपडे आता एकाच लिक्विडने निघतात, बाळाची वेगळी बाटली नाही, सॉफ्टनर बंद, आणि झाकणावर दाखवलेल्या रेघेच्या निम्मंच घालते. मळकट कपडे असले तर पाऊण. त्यामुळे महिन्याचा हिशेब वाटला होता तितका चढला नाही.

मशीन फ्रंट लोड आहे. ती पाणी कमी घेते म्हणून आपण खूश असतो, पण खळबळायलाही कमीच घेते. पंधरा मिनिटांच्या झटपट वॉशमध्ये तर पावडर घड्यांत तशीच राहायची. आता ‘एक्स्ट्रा रिन्स’चं बटण कायम दाबलेलं. मोरीत एक ड्रम आणला, सकाळचं नळाचं पाणी त्यात भरून ठेवायचं, शेवटचं खळबळणं त्यातल्या पाण्यात. टँकरचं पाणी फरशीला आणि फ्लशला. मावशींना सुरुवातीला हे लिक्विड पटेना. “फेस नाही तर धुतलं कसं म्हणायचं?” फेसाचा आणि मळ निघण्याचा फारसा संबंध नसतो, हे मी सांगितल्याने नाही, शर्टाच्या कॉलरी निघाल्याने त्यांना पटलं.

अँटिसेप्टिकबद्दल डॉक्टरांनी एका वाक्यात निकाल दिला: नको, तेही त्वचेला चुरचुरतं, ऊन पुरे. सॉफ्टनरचा आणखी एक तोटा मला आधी ठाऊक नव्हता. तो धाग्यांवर थर धरतो, म्हणून कापडी लंगोट पाणी शोषेनासे होतात.

एक गोष्ट मात्र साबणाशी संबंध नसूनही सांगायला हवी, कारण ती खरोखर धोक्याची आहे. सासूबाईंनी नवऱ्याची लहानपणची झबली-टोपरी आणि कुंच्या ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या, डांबरगोळ्या घालून. ती काढून, धुऊन लेकीला घालायची असा बेत होता. डांबरगोळीतलं नॅप्थलीन श्वासातून आणि त्वचेतून आत जातं, आणि ज्या बाळाच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे एंझाइम कमी असतं त्याच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, कावीळ होते, नवजात बाळाला ते जिवावर बेतू शकतं. कमतरता आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही. एका धुण्याने तो वास जात नाही हे नाकालाच कळत होतं. सासूबाईंना वाईट वाटलं, पण त्यांनीच ते गाठोडं पुन्हा बांधलं. एक कुंची तेवढी फोटोसाठी गच्चीवर उन्हात टांगून ठेवली आहे.

नवीन कपडेही घालायच्या आधी धुतेच. सुरकुत्या पडू नयेत म्हणून कापडावर फॉर्माल्डिहाइड सोडणाऱ्या रेझिनचा हात दिलेला असू शकतो, आणि बारशाला आलेल्या त्या कडक, चकचकीत फ्रॉकांना हात लावला तरी ते जाणवतं.

मान आणि कंबर काही आठवड्यांत निवळली. गाल नाही. गालांचं इसब साबण बदलून जाणारं नव्हतंच, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्यासाठी आंघोळ कोमट पाण्याची आणि थोडक्यात, डाळीचं पीठ बंद (आईचं बरोबर निघालं), अंग टिपल्या टिपल्या जाड मॉइश्चरायझर, आणि फार लाल झालं तर त्यांनी दिलेलं सौम्य मलम, त्यांनी सांगितले तितकेच दिवस. गाल मागेपुढे होतात. आता पावसाळ्यात कपडे दोरीवर वाळत नाहीत, ओलसर वास येतो, आणि सुगंधी सॉफ्टनरची आठवण घरात सगळ्यांना येते. त्यावर तोडगा म्हणून खोलीत पंख्याखाली दोऱ्या बांधल्यात आणि झबल्यांना शेवटी इस्त्री फिरवते.

गणपतीत घर भरेल. आल्यागेल्या प्रत्येकाला तिला घ्यायचं असेल, आणि प्रत्येकाच्या खांद्यावर नवी साडी, परफ्यूम, अत्तर, कडक इस्त्रीचा कुर्ता असेल. नाही कुणाकुणाला म्हणणार? सासूबाईंनी त्यावर स्वतःच उपाय काढला आहे. बिनवासाच्या लिक्विडने धुतलेल्या मऊ दुपट्यांची एक चळत दाराजवळच्या कपाटात ठेवली आहे. बाळ हातात द्यायच्या आधी त्या पाहुण्याच्या खांद्यावर एक दुपटं टाकतात. नवऱ्याची आत्या परवा येऊन गेली, तिला हा आमच्याकडचा काही रिवाज वाटला आणि तिने जाताना ते दुपटं सोबत नेलं. आता आणखी शिवायला टाकली आहेत.